दिवाबत्तीचं बिल कोण भरतं?

गावातल्या घराच्या कराची पावती कधी सावकाश वाचली आहे? घरपट्टी, पाणीपट्टी, आरोग्य कर, आणि त्यांच्यातच कुठेतरी एक ओळ असते : दिवाबत्ती कर. रक्कम इतकी किरकोळ असते की तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. शब्द मात्र जुना आहे. रस्त्यावरच्या कंदिलात कुणीतरी संध्याकाळी रॉकेल भरायचं, वात सारखी करायची, काच पुसायची, त्या काळातला. वात गेली, रॉकेल गेलं, पिवळा बल्ब गेला, ट्यूबलाइट आणि सोडियमचा दिवाही गेला. खांबावर आता एलईडी आहे आणि पावतीवर अजून दिवाबत्तीच आहे.

आपल्या वाशिमचंही तसंच. इंग्रजांच्या कागदपत्रांत ते 'बासिम' होतं आणि १९०५ पर्यंत वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होतं. मग ते अकोल्यात विलीन झालं. १ जुलै १९९८ ला पुन्हा जिल्हा झालं. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, नवी विश्रामगृहं, नवे पंखे, नव्या ट्यूबलाइट आणि दर महिन्याला येणारी नवी वीजबिलं. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातले मागे पडलेले 'आकांक्षित जिल्हे' निवडले, त्यांत महाराष्ट्रातून वाशिमही होता. ज्या जिल्ह्यात दवाखान्याला आणि शाळेला पैसा पुरत नाही, तिथे सरकारी पंखा आणि सरकारी दिवा किती वीज खातो हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. तो तसा नाही. त्यामागे जवळपास अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सगळा एकाच प्रश्नाभोवती फिरतो : आज खर्च करून उद्या वीज वाचणार असेल, तर आजचा पैसा कुणी घालायचा आणि उद्याची बचत कुणाच्या खिशात जायची?

वाचलेल्या कोळशाचा तिसरा हिस्सा

या प्रश्नाचं पहिलं गाजलेलं उत्तर जेम्स वॉट आणि मॅथ्यू बोल्टन यांनी दिलं. वॉटचं पेटंट १७६९ चं, दोघांची भागीदारी १७७५ ची. त्या वेळी इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात तांब्याच्या आणि कथलाच्या खाणींत पाणी साचायचं. ते उपसायला न्यूकमेनची वाफेची इंजिनं होती आणि ती कोळसा अक्षरशः गिळायची. कॉर्नवॉलमध्ये कोळसा नव्हता. तो वेल्सहून जहाजाने यायचा, म्हणून महाग पडायचा. वॉटचं इंजिन तेवढंच पाणी बऱ्याच कमी कोळशात उपसत होतं, पण ते उभं करायला लागणारा पैसा काढायला खाणमालक सहजासहजी तयार नव्हते.

बोल्टन आणि वॉट यांनी तोडगा काढला. इंजिनाचे भाग आणि उभारणी यांचा खर्च खाणीने करायचा, पण पेटंटचा मोबदला आधी द्यायचा नाही. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जितका कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा दरवर्षी द्यायचा. दोन तृतीयांश खाणीकडेच राहणार. इंजिन किती चाललं हे कळावं म्हणून त्यावर कुलूपबंद पेटीत ठोके मोजणारं यंत्र बसवलं.

पुढे काय झालं असेल याचा अंदाज गावातला कोणीही माणूस करेल. पहिली काही वर्षं सगळे खूश होते. मग जुनं इंजिन नजरेआड झालं, जुना खर्च विसरला गेला आणि 'न वाचलेल्या' भासणाऱ्या कोळशाचे पैसे दरवर्षी द्यायचे हे मालकांना खुपू लागलं. १७९० च्या दशकात अनेक खाणींनी पैसे थांबवले आणि प्रकरण कोर्टात गेलं.

ऊर्जा कार्यक्षमतेच्या पैशाचं सगळं कोडं या गोष्टीत आहे. कार्यक्षमता म्हणजे अंधारात बसणं नव्हे. तेवढंच काम कमी ऊर्जेत करणं. पण वाचलेली ऊर्जा दिसत नाही. उभारलेला पूल दिसतो, न जळलेला कोळसा दिसत नाही. तो सिद्ध करायला आधीचा हिशोब लागतो, आत्ताचं मोजमाप लागतं आणि दोन्ही मान्य करणारी माणसं लागतात.

मार्च एंडची अडचण

खाणमालकाचं निदान एक बरं होतं. वाचलेला पैसा त्याचाच होता. सरकारी कार्यालयाचं तसं नसतं.

अर्थसंकल्पात कार्यालयांच्या खर्चासाठी शीर्षं ठरलेली असतात. वीज, पाणी आणि दूरध्वनीच्या बिलांची तरतूद वेगळी, यंत्रसामग्री आणि बांधकाम यांची वेगळी. समजा एखाद्या तालुक्याच्या अधिकाऱ्याने ठरवलं की ७५ वॅटचे जुने पंखे काढून साधारण ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावायचे. पंख्यांचे पैसे एका शीर्षातून जाणार, बचत दुसऱ्या शीर्षात होणार. वाचलेले पैसे तो ठेवू शकत नाही. ३१ मार्चला न वापरलेली रक्कम परत जाते, आणि 'यांना एवढे लागत नाहीत' म्हणून पुढच्या वर्षीची तरतूद कमी होण्याची भीती असते. म्हणजे मेहनत याची, धोका याचा, फायदा तिजोरीचा. असं असताना पंखे बदलले जात नाहीत यात अधिकाऱ्याच्या आळसापेक्षा हिशोबाच्या पद्धतीचा वाटा मोठा आहे.

जगात यावर वेगवेगळे मार्ग निघाले. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने आपल्या सरकारी इमारतींच्या ऊर्जाखर्चाकडे पाहायला सुरुवात केली आणि १९८० च्या दशकात केंद्रीय खात्यांना खासगी कंपन्यांशी 'बचतीतून फेड' असे करार करायला कायद्याने परवानगी दिली. कल्पना वॉटचीच होती. टेक्सास राज्याने १९८८ मध्ये फिरता कर्जनिधी उभारला : शाळा, दवाखाने, सरकारी कार्यालयांनी त्यातून कर्ज घ्यायचं, बचतीतून फेडायचं, फेडलेला पैसा पुढच्याला द्यायचा. ब्रिटनमध्ये २००४ पासून सॅलिक्स नावाची सरकारी संस्था सार्वजनिक इमारतींना बिनव्याजी कर्ज देऊ लागली.

सगळ्यांत साधा मार्ग जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहराने १९९५ मध्ये काढला. बाहेरची कंपनी नाही, बँक नाही. महापालिकेच्याच ऊर्जा विभागाकडे एक निधी ठेवला. एखाद्या शाळेचा बॉयलर बदलायचा असेल तर पैसे हा विभाग घालणार. त्या शाळेचं बिल जेवढं कमी होईल, तेवढी रक्कम खर्च फिटेपर्यंत शाळेच्या तरतुदीतून विभागाकडे परत येणार. फिटल्यावर बचत शाळेची. आलेल्या पैशातून दुसऱ्या इमारतीचं काम. आपल्याकडच्या बचत गटाला हे समजावून सांगावं लागणार नाही. एकाच भांडवलातून आधी एकीची शिलाई मशीन, तिने फेडलं की दुसरीची शेळी.

यातल्या सुरुवातीच्या बऱ्याच योजना निघाल्या त्या पैसे वाचवण्यासाठी. कार्बन हा शब्द नंतर आला. पण हिशोब एकच राहिला, कारण बिलावर जे युनिट छापलेलं असतं तेच कार्बनचंही माप आहे. भारतात ग्रिडची एक युनिट वीज वापरली की सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या शेजारी अकोला जिल्ह्यात पारसला २५० मेगावॅटचे दोन संच कोळशावरच चालतात. सरकारला स्वतःचं उत्सर्जन मोजायचं असेल तर पहिली वही म्हणजे स्वतःच्या वीजबिलांची फाइल.

पंधरा रुपयांचा बल्ब

भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि १ मार्च २००२ ला ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी, म्हणजे बीईई सुरू झाली. फ्रिजवरच्या चांदण्या, म्हणजे स्टार रेटिंग, तिचंच. महाराष्ट्रात महाऊर्जा ही संस्था त्याआधीपासून होती.

बीईईने २००९ मध्ये 'बचत लॅम्प योजना' आणली. घरातला ६० वॅटचा पिवळा बल्ब द्या आणि १५ रुपयांत सीएफएल घ्या. सीएफएलची खरी किंमत याहून बरीच जास्त होती. उरलेला पैसा येणार होता आंतरराष्ट्रीय कार्बन बाजारातून : वीज वाचली, उत्सर्जन घटलं, त्याचे कार्बन क्रेडिट श्रीमंत देशांना विकायचे. कल्पना चांगली होती, पण २०१२ च्या सुमारास त्या क्रेडिटचे भाव कोसळले आणि योजनेचा पायाच निसटला. आपल्या घरातल्या बल्बचा पैसा परक्या बाजाराच्या चढउतारावर टांगून ठेवला की असं होतं.

दुसरा प्रयत्न जास्त टिकला. डिसेंबर २००९ मध्ये एनटीपीसी, पॉवरग्रिड, पीएफसी आणि आरईसी या चार सरकारी कंपन्यांनी मिळून ईईएसएल ही कंपनी काढली होती. तिने एक साधी गोष्ट केली : एकदम प्रचंड संख्येने एलईडी बल्ब खरेदी करायला काढले. २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपये असलेली बल्बची खरेदी किंमत २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड शक्य झाला, त्याच्या शोधाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. त्याच शोधाचा बल्ब दोन वर्षांत रिसोडच्या बाजारात चहा-नाश्त्याच्या पैशात मिळू लागला.

५ जानेवारी २०१५ ला 'उजाला' योजनेसोबत पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नगरपालिकेने काहीच पैसे घालायचे नाहीत. दिवे ईईएसएल आणणार, बसवणार, सात वर्षं सांभाळणार. बिल निम्म्याच्या आसपास येईल, त्या बचतीतून नगरपालिकेने हप्त्याने फेड करायची. ईईएसएलने हा पैसा कर्जाने उभा केला. आशियाई विकास बँक, जर्मनीची केएफडब्ल्यू, २०१८ मध्ये जागतिक बँक, अशा सगळ्यांनी तिला कर्जं दिली. देशात १ कोटी ३० लाखांहून जास्त पथदिवे असे बदलले गेले. महाराष्ट्राच्या नगरविकास विभागाने राज्यातल्या नागरी संस्थांसाठी ईईएसएलशी करार केला. सार्वजनिक बांधकाम विभागाने २०१७ मध्ये सरकारी इमारतींसाठी केला.

हिशोब खरंच सोपा आहे. मानू की एका खांबावर ५० वॅट वाचले आणि दिवा वर्षाला ४,००० तास जळतो. झाले २०० युनिट. युनिटला ७ रुपये धरले तर १,४०० रुपये आणि १४० किलो कार्बन डायऑक्साइड. हजार खांब असलेल्या छोट्या गावात वर्षाला १४ लाख रुपये आणि १४० टन. दिव्याचा खर्च चार हजार धरला तरी तीन वर्षांत फिटतो. इतका फायद्याचा सौदा शेतीतही सापडत नाही.

तरीही अडलं. ईईएसएलचं येणं ठिकठिकाणी थकलं. कॉर्नवॉलच्या खाणमालकांसारखंच झालं. दिवे लागले, जुनं बिल विसरलं, हप्ता मात्र दर महिन्याला नवा खर्च वाटू लागला. त्यात कागदावरची बचत हातात पैसा म्हणून येतेच असं नाही. जी नगरपालिका आधीच वीजबिल वेळेवर भरत नव्हती, तिची 'बचत' म्हणजे फक्त थकबाकी वाढण्याचा वेग कमी होणं. त्यातून हप्ता कुठून निघणार? उलट बाजूचं उदाहरण रेल्वेचं. २०१८ पर्यंत रेल्वेने देशातल्या सगळ्या स्थानकांवर एलईडी लावले, त्यात अकोला-पूर्णा मार्गावरचं वाशिमही आलं. तिथे दिवा रेल्वेचा, बिल रेल्वेचं, बचतही रेल्वेचीच. काम झालं.

गावातला अंधार

खेड्यात हा प्रश्न आणखी उघडा पडतो. वाशिम जिल्ह्यात चार नगरपरिषदा, दोन नगरपंचायती आणि जवळपास पाचशे ग्रामपंचायती आहेत. ग्रामपंचायतीच्या पथदिव्यांचा खर्च वर्षानुवर्षं बराचसा राज्य सरकारच्या अनुदानातून परस्पर महावितरणला जात असे. पंचायत दिवे लावणार, मुंबई पैसे देणार. सरपंचाला बिल किती येतं हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. कित्येक ठिकाणी दिवे भर दुपारीही जळत, कारण सकाळी कळ दाबायला जाणारा माणूस ठेवणं पंचायतीला महाग होतं आणि वीज फुकट होती. जिथे मीटर बंद, तिथे सरासरीने बिल.

२०२१ मध्ये थकबाकीचा डोंगर झाला तेव्हा महावितरणने राज्यात अनेक गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली. सरपंच रस्त्यावर आले. राज्य सरकारने सांगितलं की ही बिलं पंचायतींनी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरावीत. सरपंचांचं म्हणणं होतं की तो पैसा विकासकामांसाठी आहे, जुनी बिलं आमच्या माथी का? त्यांची तक्रार चुकीची नव्हती. बिलाचा बोजा अचानक हलवला होता, पण सोबत जुने आकडे, चालू मीटर किंवा दिवे बदलायला भांडवल दिलेलं नव्हतं.

तरी त्या वर्षी एक गोष्ट बदलली. पथदिव्याचं बिल पहिल्यांदा गावाच्या हातात आलं. आता टायमर किंवा उजेडावर चालणारा सेन्सर बसवला तर वाचलेला रुपया गावाच्याच निधीत राहतो, गटारीला किंवा अंगणवाडीला जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'माझी वसुंधरा' अभियानात पंचतत्त्वांपैकी 'अग्नी' या तत्त्वात ऊर्जेच्या कामाला गुण मिळतात आणि वरच्या क्रमांकाच्या गावांना बक्षीस मिळतं. बक्षीस एकदा मिळतं, कमी झालेलं बिल दर महिन्याला येतं. पण ते दिसायला मीटर चालू हवा.

मोटारीचं बिल

वऱ्हाडात विजेची गोष्ट पथदिव्यावर संपत नाही. खरी वीज शेतात जाते. हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत रात्री बारा वाजता उठून मोटार चालू करायला जाणं काय असतं, हे या जिल्ह्यातल्या कोणत्याही घरात विचारा.

लोडशेडिंगच्या काळात, २००५ च्या सुमारास, महावितरणने 'अक्षय प्रकाश योजना' आणली होती. संध्याकाळी मागणी जास्त असते त्या वेळात सगळ्या गावाने मिळून शेतीपंप बंद ठेवायचे. बदल्यात गावाला लोडशेडिंगमधून सूट. सरकारचा फारसा पैसा लागला नाही. बक्षीस म्हणून उजेडच मिळत होता, आणि कुणी चोरून मोटार चालवली तर शेजारीच हटकत होते. बचत करणारा आणि फायदा मिळवणारा एकच, म्हणून ती हजारो गावांत पसरली.

त्याच दशकाच्या शेवटी बीईईने कार्यक्षम कृषिपंपांचा देशातला पहिला पथदर्शी प्रकल्प सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा-पंढरपूर भागात घेतला. २,२०९ जुने पंप काढून नवे कार्यक्षम पंप बसवले. तिथे प्रश्न वेगळा होता. शेतकऱ्याला अश्वशक्तीप्रमाणे ठरीव आणि सवलतीचं बिल, म्हणून पाच वेळा वाइंडिंग केलेली मोटार दुप्पट वीज खात असली तरी त्याचं काही बिघडत नव्हतं. बचत व्हायची ती सवलतीचा पैसा भरणाऱ्या सरकारची. म्हणून भांडवलही शेतकऱ्याकडून मागून उपयोग नव्हता.

जुलै २०२४ मध्ये हा हिशोब टोकाला गेला. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचं एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांचं वीजबिल राज्य सरकारने स्वतःवर घेतलं. शेतकऱ्याला दिलासा मिळाला. पण त्याचबरोबर शिवारातल्या लाखो मोटारींचं बिल आता सरकारचं बिल झालं. त्यांचा कार्बनही एका अर्थी सरकारच्याच खात्यात आला. जुन्या मोटारीत वाया जाणारं प्रत्येक युनिट थेट तिजोरीतून जातं.

म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे याच इतिहासात बघायला हवं. ती २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये दुसऱ्या रूपात आली. काटेकोरपणे ही कार्यक्षमता नव्हे, निर्मिती आहे. पण वीज उपकेंद्राजवळच तयार होते, म्हणून लांबच्या तारांतली गळती वाचते आणि शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येतं. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी अशा पाच प्रकल्पांचं लोकार्पण केलं, एकूण १९ मेगावॅट. हे प्रकल्प अकोला, बुलडाणा, नांदेड, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतले. सोहळा आपल्याकडे, पॅनल शेजारी.

सौर पॅनल दिसतं, त्याचं लोकार्पण होतं, फीत कापता येते. रिवाइंडिंगची मोटार बदलली, पंखा बदलला, दुपारी जळणारा दिवा बंद झाला, याची फीत कुणी कापत नाही. पण खराब मोटारीला सौर वीज दिली तर तेवढ्याच पाण्यासाठी जास्त पॅनल लागतात, म्हणजे जास्त जमीन आणि जास्त पैसा. आधी गळकं भांडं सांधायचं, मग पाणी भरायचं, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं.

फाइल मागा

वॉटच्या कुलूपबंद पेटीपासून पंचायतीच्या मीटरपर्यंत, जिथे योजना टिकली तिथे तीन गोष्टी एकत्र होत्या. आधीचं बिल लिहून ठेवलेलं होतं, नंतरचं मोजलं जात होतं आणि वाचलेला पैसा ज्याने मेहनत घेतली त्याच्याकडे काही काळ तरी राहत होता. यातलं एकही नसेल तर पैसा वॉशिंग्टनहून येवो की मुंबईहून, दिवे बदलतात आणि हिशोब तसाच राहतो.

यातलं पहिलं काम करायला निधी लागत नाही. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे, या दिवशी ग्रामसभा असते. फोन खिशात असतोच. गावाच्या पथदिव्यांचे आणि पाणीपुरवठ्याचे किती मीटर आहेत, त्यांतले किती चालू आहेत, मागच्या बारा महिन्यांत किती युनिट जळले, हे तीन आकडे विचारा आणि बिलांचे फोटो काढून ठेवा. नवे दिवे किंवा नवा पंप येईल तेव्हा तुलनेला हेच कामी येतील. चौथा प्रश्न जरा अवघड आहे : बिल कमी झालं तर वाचलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाकून त्यातून शाळेचे पंखे बदलायचा ठराव घ्यायचा का? स्टुटगार्टने १९९५ मध्ये जवळपास एवढंच केलं होतं.

आणि घरी गेल्यावर कराची पावती बघा. दिवाबत्तीची ओळ तिथे असेल. ती रक्कम तुमच्या घरातून गेली आहे, म्हणून ते आकडे विचारायचा हक्कही तुमचाच आहे.